सेकंदाचे १२८ तुकडे

आमच्या नातलगांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज पहाटे साडेपाचच्या ठोक्याला एका मावशींचं ‘सुप्रभात’ येऊन पडतं. उगवता सूर्य, कमळ, खाली वाफाळता चहा. चित्राचं वजन शंभर केबीच्या आसपास. परवा एका निवांत सकाळी मी एक उफराटा हिशोब मांडला: हेच चित्र लढाऊ विमानांच्या रेडिओ नेटवर्कवरून पाठवायचं झालं, तर किती वेळ लागेल?

नेटवर्क निवडलं ते लिंक-१६. अमेरिका आणि नाटोतल्या देशांची लढाऊ विमानं, टेहळणी विमानं, युद्धनौका आणि जमिनीवरची क्षेपणास्त्रविरोधी ठाणी ज्या धाग्यात ओवलेली असतात तो हा धागा. उत्तर आलं २८ सेकंद. तेही केव्हा, तर त्या २८ सेकंदांत त्या जाळ्यातल्या बाकी सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं तर.

या नेटचा नेहमीचा वेग सेकंदाला २८,८०० बिट. नव्वदीच्या दशकात टेलिफोनच्या तारेवर कुईंकुईं करत जोडलं जाणारं मोडेम याच वेगानं चालायचं. सुरक्षेची एकेक कवचं उतरवत गेलं की तो ५७,६०० होतो, मग १,१५,२००. तिथून पुढे मूळ आराखड्यात वाढायला फारशी जागा नाही. खिशातला फोन याच्या शेकडो पट वेगानं मावशींचं कमळ उतरवून घेतो आणि आपण ते न बघताच पुढे सरकतो.

म्हणजे या विषयात आकड्यांनी थक्क व्हायचं असेल तर दुर्बीण बाजूला ठेवून भिंग हातात घ्यावं लागतं. इथलं अफाटपण लहानाच्या बाजूला आहे.

नेटवर बोलणाऱ्यांनी एकमेकांच्या बोलण्यावर बोलू नये म्हणून सेकंदाचे १२८ समान तुकडे केलेले असतात. एक तुकडा, म्हणजे एक स्लॉट, ७.८१२५ मिलिसेकंदांचा. ज्याचा स्लॉट त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बारा सेकंदांची एक फ्रेम, तिच्यात १,५३६ स्लॉट. अशा ६४ फ्रेम मिळून एक एपोक, १२.८ मिनिटांचा, आणि त्यात ९८,३०४ स्लॉट. हा आकडा वरवर अडगळीतला वाटतो, पण तो ३२,७६८ ची तिप्पट आहे, आणि ३२,७६८ म्हणजे दोनाला दोनानं गुणत पंधराव्या पायरीवर मिळणारी संख्या. निम्मं करा, पुन्हा निम्मं करा, पुन्हा निम्मं करा, पंधरा वेळा करा, कुठेही अपूर्णांक येत नाही. कुणाला जास्त स्लॉट द्यायचे, कुणाला कमी, याची वाटणी या निम्म्याच्या निम्म्यावर चालते. फक्त दिवसात एपोक बसतात ११२.५. एवढ्या काटेकोर कारभारात मध्यरात्री अर्धा एपोक लटकत राहतो, हे मला जरा खटकतं. यंत्रांना खटकत नाही.

दिवसाचे स्लॉट झाले १ कोटी १० लाख ५९ हजार २००. एकाच वेळी वेगवेगळ्या क्रमानं फ्रिक्वेन्सी बदलत १२७ नेट शेजारीशेजारी चालवता येतील अशी सोय आराखड्यात आहे. कागदावर गुणाकार केला तर दिवसाला १४० कोटी स्लॉट होतात, भारतातल्या माणशी जवळजवळ एक. प्रत्यक्षात एका भागात एवढे नेट चालवले तर संदेशावर संदेश आदळायला लागतील, म्हणून त्यातले थोडेच वापरात येतात.

एका स्लॉटमध्ये नेहमीच्या पद्धतीत मजकूर मावतो २२५ बिटांचा. हा आकडा मराठीत करून पाहू. संगणकावर देवनागरीचं एकेक चिन्ह २४ बिट खातं. काना वेगळा, उकार वेगळा, पायमोडका हलन्तही वेगळा. ‘सुप्रभात’ या शब्दात अशी आठ चिन्हं आहेत, म्हणजे १९२ बिट. तेव्हा स्लॉटमध्ये ‘सुप्रभात’ बसतं. ‘सुप्रभात मावशी’ बसत नाही.

पण भाषा सोडून नुसता आकडा धाडायचा ठरवला की याच २२५ बिटांचा वाडा होतो. पृथ्वीच्या विषुववृत्ताचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. चोवीस बिटांत १ कोटी ६७ लाख वेगवेगळे आकडे लिहिता येतात. घेराचे तेवढे भाग केले तर एक भाग येतो अडीच मीटरांहूनही लहान. पूर्व-पश्चिमेसाठी २४ बिट, उत्तर-दक्षिणेसाठी २३, म्हणजे ४७ बिटांत जगातली कुठलीही जागा एका खाटेच्या आकाराइतक्या नेमकेपणानं सांगून झाली. उरलेल्या जागेत उंची, दिशा, वेग, मी कोण, इंधन किती, हे सगळं दाटीवाटीनं बसतं. पूर्वी तार करताना शब्दाला पैसे पडायचे, तेव्हा माणसं ‘आई आजारी ताबडतोब निघा’ एवढ्यात सगळं भागवायची. लिंक-१६ चे संदेश त्याच घराण्यातले आहेत. कुठला बिट कशासाठी, हे आधीच ठरलेलं. पाल्हाळाला जागा नाही.

आता भिंग आणखी जवळ नेऊ. स्लॉटमध्ये सलग सूर लागत नाही. २५८ छोटे ठोके पडतात. एक ठोका, म्हणजे पल्स, ६.४ मायक्रोसेकंदांचा, मग ६.६ मायक्रोसेकंद शांतता, मग पुढचा. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. प्रकाश आणि रेडिओलहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात, म्हणून या पल्सला हवेत लांबी असते. ती गोठवून जमिनीवर अंथरता आली, तर एक पल्स १.९ किलोमीटरची भरेल. दोन पल्सच्या सुरुवातींमध्ये अंतर ३.९ किलोमीटर, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या लांबीहून थोडं जास्त. आणि पूर्ण स्लॉटच्या वेळात लहर २,३४० किलोमीटर पळते: मुंबईहून दिल्ली गाठून परत येते.

एकेका पल्सच्या पोटात ३२ कण असतात, प्रत्येक कण ०.२ मायक्रोसेकंदांचा, हवेत ६० मीटर लांब. आणि या बत्तीस कणांनी सांगायचं काय, तर फक्त पाच बिट, शून्य ते एकतीसपैकी एक आकडा. ही उधळपट्टी आहे, पण मुद्दाम केलेली. बत्तीस मण्यांची एक माळ कल्पा. काळे-पांढरे मणी एका ठरावीक क्रमात ओवलेले, आणि तो क्रम पाठवणाऱ्यालाही ठाऊक, ऐकणाऱ्यालाही. आकडा सांगतो तो मण्यांचा रंग नव्हे, माळ कुठल्या मण्यापासून ओढायला सुरुवात केली ते. शत्रूच्या गोंगाटात पाचसात मण्यांचे रंग चुकीचे दिसले तरी सुरुवातीचा मणी ओळखू येतो.

तरीही एखादा आकडा हरवलाच तर? त्यासाठी आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेलं गणित कामाला येतं. मजकुराचे १५ आकडे घेऊन त्यांचे ३१ केले जातात, असे की त्या ३१ पैकी कुठलेही आठ चुकले तरी मूळचे पंधरा बिनचूक परत मिळावेत. हे गणित आपल्याला परकं नाही. वडापावच्या गाडीवर तेलाचे डाग पडलेला, एक कोपरा फाटलेला क्यूआर कोड फोनला पहिल्या झटक्यात वाचता येतो, तो याच रीड-सॉलोमनच्या कृपेनं. शिवाय नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक आकडा दोनदा, दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर पाठवला जातो. बेरीज केली तर २२५ बिटांचा मजकूर पोचवायला ५,९५२ कण खर्ची पडतात. बिटामागे सव्वीस.

आणि प्रत्येक पल्स वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर. ९६० ते १,२१५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५१ जागा ठरलेल्या आहेत, आणि दर १३ मायक्रोसेकंदांनी पल्स एका जागेवरून दुसरीकडे उडी मारते. हा वेग सेकंदाला ७७ हजार उड्यांचा. पायदळाच्या पाठीवरचे फ्रिक्वेन्सी बदलणारे रेडिओ सेकंदाला शंभराच्या आसपास उड्या मारतात, आणि तेही आपल्या जागी उत्तमच आहेत. उडी मारायची तीही शेजारच्या घरात नाही, किमान ३० मेगाहर्ट्झ लांब, म्हणजे एक जागा गोंगाटानं बंद पाडणाऱ्याला दुसरी आयती मिळू नये. (हॉलिवूडची नटी हेडी लमार हिनं संगीतकार जॉर्ज अँथाइलसोबत १९४२ मध्ये फ्रिक्वेन्सी बदलण्याचं पेटंट मिळवलं, त्यात पियानोच्या ८८ पट्ट्यांएवढ्या ८८ जागा होत्या, ही गोष्ट आता इतक्या ठिकाणी सांगून झाली आहे की मी ती कंसातच उरकतो.)

या उड्यांचे क्रम किती होऊ शकतात? दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनांच्या एनिग्मा या संकेतयंत्राच्या मांडण्या होत्या सुमारे १५९ वर अठरा शून्यं इतक्या. तीस मेगाहर्ट्झची अट धरूनसुद्धा चौदाव्या उडीपर्यंत लिंक-१६ हा आकडा ओलांडतं, म्हणजे १८२ मायक्रोसेकंदांत. साठ उड्यांच्या आत आपण दृश्य विश्वातल्या अणूंच्या प्रचलित अंदाजाच्या, एकावर ऐंशी शून्यांच्या, पलीकडे गेलेलो असतो. एका स्लॉटमध्ये उड्या आहेत २५८. अर्थात प्रत्यक्षातला क्रम गुप्त संकेताच्या किल्लीतून निघतो, आणि किल्ल्यांची संख्या त्यांच्या लांबीनं बांधलेली असते, म्हणून विश्वाएवढ्या या आकड्यानं फार हुरळून जाऊ नये.

हुरळून न जाण्याचं दुसरं कारण म्हणजे खुद्द एनिग्मा. १५९ वर अठरा शून्यं असूनही ते फुटलं. ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेद केंद्रात ते फोडणाऱ्यांत गॉर्डन वेल्चमन हा गणिती आघाडीवर होता. त्यासाठी अ‍ॅलन ट्यूरिंगनं आखलेल्या यंत्राला त्यानं सुचवलेल्या एका जोडणीमुळे काम कित्येक पटींनी झपाट्यानं व्हायला लागलं. एनिग्माला दगा दिला तो गणितापेक्षा माणसांच्या सवयींनी: रोज त्याच थाटात लिहिलेले हवामानाचे अहवाल, तीच पदव्यांची लांबण, आळसानं निवडलेली तीच ती अक्षरं. हाच वेल्चमन पुढे अमेरिकेत गेला आणि १९६२ पासून मायटर या संस्थेत सैन्याच्या सुरक्षित संपर्कव्यवस्थांवर काम करत राहिला. लिंक-१६ ज्या विचारातून जन्मलं त्याची मुळं साठच्या दशकाच्या अखेरीस याच संस्थेत सापडतात. शत्रूचं जाळं ज्यानं उसवलं तो आपल्या बाजूचं जाळं विणणाऱ्यांत जाऊन बसला, ही नेमणूक मला फार शहाणपणाची वाटते.

कारण हे नेट उभं राहतं ते आकाशात नाही, कचेरीत. विमान धावपट्टीवर येण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी एका संगणकासमोर बसून स्लॉटांची वाटणी केलेली असते. बारा सेकंदांच्या फ्रेमचे १,५३६ चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात ठरवायचं की हा स्लॉट अमक्यानं बोलण्यासाठी, तमक्यानं ऐकण्यासाठी, आणि ढमक्यानं ऐकून पुढे ढकलण्यासाठी. स्लॉट कामानुसार गटांत विभागतात: ‘मी इथे आहे’ हे सांगण्यासाठी काही, रडारवर दिसलेलं कळवण्यासाठी काही, लढाऊ विमानांना दिशा देण्यासाठी काही, बोलण्यासाठी काही. आवाज हा यातला खादाड पाहुणा. चांगल्या प्रतीचं बोलणं सेकंदाला १६,००० बिट मागतं, म्हणून हलक्या प्रतीचं २,४०० बिटांतलं बोलणंही ठेवलेलं आहे. त्यात वैमानिकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, पण कळतो.

या वाटणीत खरी ओढाताण होते. ‘मी इथे आहे’ हा निरोप दर फ्रेममध्ये एकदा, म्हणजे १२ सेकंदांनी पाठवणं हा सर्वसाधारण दर. ताशी ९०० किलोमीटरनं जाणारं विमान १२ सेकंदांत तीन किलोमीटर पुढे गेलेलं असतं. समोरासमोर येणारी दोन असतील तर सहा. म्हणून लढाऊ विमानांना जास्त वेळा बोलू द्यावं लागतं. त्यांना दिले की जहाजांचे कमी होतात. त्यात पृथ्वी गोल असल्याचा भुर्दंड वेगळा. दहा किलोमीटर उंचीवरची दोन विमानं ८०० किलोमीटरवरून एकमेकांना ऐकू शकतात, पण पंचवीस मीटर उंचीच्या अँटेना असलेल्या दोन युद्धनौका चाळीस किलोमीटरपलीकडे एकमेकींना मुक्या. मग मध्ये एखाद्या विमानानं निरोप झेलून पुढे टाकायचा. तो टाकायला आणखी एक स्लॉट लागतो. एकच गोष्ट दोनदा सांगितली की नेटची निम्मी जागा गेली.

वाटणी झाली की तिची फाइल सगळ्या पथकांना जाते, आणि बरोबर एक लेखी आदेश. प्रत्येक विमानातल्या टर्मिनलमध्ये, म्हणजे नेटच्या रेडिओसंचात, चार गोष्टी अचूक हव्यात: ही फाइल, त्या दिवसाची किल्ली, स्वतःचा क्रमांक आणि वेळ. चारपैकी एक चुकली तर काहीशे कोटींचं विमान आकाशात ठार बहिरं. गंमत अशी की इथल्या क्रमांकांत ८ आणि ९ हे अंक नाहीतच. मोजणी आठाच्या पाढ्यातली आहे, ७ नंतर थेट १०. सहभागी घटकांचे क्रमांक ००००१ ते ७७७७७, म्हणजे आपल्या मोजणीत ३२,७६७. फळ्यावर भलत्याच जागी ८ लिहिणारा नवखा लगेच ओळखू येतो.

आणि वेळ. नेटमध्ये कुणी राजा नाही, पण एकाचं घड्याळ सगळ्यांनी प्रमाण मानायचं असतं. ते घड्याळ ग्रीनिचशी तंतोतंत जुळलेलं असायलाच हवं असं नाही. सगळ्यांचं सारखं असलं की पुरे. प्रमाण घड्याळ बाळगणारं टर्मिनल दर फ्रेमच्या पहिल्या स्लॉटमध्ये, म्हणजे बारा सेकंदांतून एकदा, एक निरोप सोडतं. नवखं टर्मिनल आपल्या अंदाजानं पुढचा एखादा असा क्षण धरून कान लावून बसतं. निरोप कानावर पडला की ढोबळ वेळ जुळली. पण निरोप ३०० किलोमीटरवरून आला असेल तर वाटेत एक मिलिसेकंद गेला, हे त्याला कसं कळावं? म्हणून ते विचारतं, ‘माझा प्रश्न तुला किती वाजता मिळाला?’ आणि त्याच स्लॉटमध्ये उत्तर येतं. जायला लागलेला वेळ आणि यायला लागलेला वेळ सारखाच. बेरीज-वजाबाकी करून दोनानं भागलं की घड्याळातली चूकही सापडते आणि अंतरही. इथे एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर अंतराची चूक.

वेळेच्या एकमताचं मोल मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. देशभर १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबई महापालिकेनं आपला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडला नाही. ३९ मिनिटांचा फरक सांभाळत शहर जवळपास अर्धशतक मजेत चाललं. लिंक-१६ च्या मापात तो फरक २,९९,५२० स्लॉटांचा होतो. तिथे मोजकेच मिलिसेकंद हुकले तरी दार बंद.

याआधीचं नौदलांचं लिंक-११ शाळेसारखं होतं. मध्यवर्ती जहाज हजेरी घ्यायचं: तू बोल, झालं, आता तू बोल. वेग सेकंदाला १,३६४ किंवा २,२५० बिट. मास्तर बुडाला की वर्ग सुटला. लिंक-१६ मध्ये प्रमाण घड्याळवाला घरी परतला किंवा पडला तरी बाकीची घड्याळं चालू असतात. दुसरा कुणीतरी ती जबाबदारी उचलतो आणि नेट चालू राहतं. सैनिकी मनाला घड्याळाची ही व्यवस्था का आवडली असेल ते सहज कळतं.

बोलण्याची पाळी लागली तरी एक जुना मानवी प्रश्न सुटत नाही: एकच गोष्ट चार जणांनी पाहिली तर सांगायची कुणी? एक अनोळखी विमान तीन जहाजांच्या आणि एका टेहळणी विमानाच्या रडारवर दिसलं, आणि चौघांनी कळवलं, तर नेटवर चार शत्रू तयार होतात. म्हणून नियम असा की ज्याची नजर सर्वांत पक्की त्यानंच कळवायचं. नजरेच्या पक्केपणाला ० ते १५ गुण असतात आणि यंत्रं आपसात ते तोलून बघतात. दुसऱ्याचे गुण पुरेसे वाढले की पहिला आपणहून गप्प बसतो. गावच्या पारावर असा नियम लागू झाला तर किती शांतता नांदेल!

आकाशातल्या प्रत्येक ठिपक्याला नाव म्हणून पाच चिन्हांचा क्रमांक मिळतो. पहिल्या दोन जागी इंग्रजी अक्षरंही चालतात, फक्त आय आणि ओ वगळून, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. त्यामुळे जवळपास सव्वापाच लाख ठिपक्यांना नावं देता येतात. लिंक-११ मध्ये चार हजारांच्या थोडं वरच मामला संपायचा. एवढं करूनही दुहेरी ठिपके होतात, दोन पथकांना एकच क्रमांक मिळतो, आपलं विमान परक्याच्या रंगात दिसतं. ते निस्तरायला चोवीस तास एक अधिकारी बसलेला असतो. त्याच्या कामाची वाच्यता होते ती ते बिघडलं तरच.

बिघडतं तेव्हा काय होतं, त्याचं एक उदाहरण १४ एप्रिल १९९४ चं. उत्तर इराकवर अमेरिकेच्याच दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. २६ माणसं गेली. वर टेहळणी विमान घिरट्या घालत होतं. हेलिकॉप्टरं आणि लढाऊ विमानं वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर होती, आणि हेलिकॉप्टरांचा ओळखीचा संकेत त्या क्षेत्रासाठी ठरलेला नव्हता. आपल्याकडे २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाममध्ये हवाई दलाचं एमआय-१७ आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं. सहा हवाई सैनिक आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी ती मोठी चूक होती असं जाहीरपणे सांगितलं. ‘मी इथे आहे, मी तुमचाच आहे’ हे २२५ बिटांत सहज मावणारं वाक्य आहे. ते वेळेवर, योग्य कानावर पडण्यासाठी बाकीचा सगळा पसारा.

भारताचं नौदल आणि हवाई दल आपापल्या डेटा लिंक वापरतात. सागरी टेहळणीसाठी घेतलेल्या पी-८आय विमानांत बीईएल या भारतीय सरकारी कंपनीनं बनवलेली डेटा लिंक बसवली आहे. अमेरिकेच्या गुप्त संकेतप्रणाली भारताला मिळण्याचा रस्ता पुढे २०१८ च्या सप्टेंबरमध्ये झालेल्या कॉमकासा करारानं उघडला. या विमानांचं दुसरं पथक २०२२ पासून गोव्यात, आयएनएस हंसावर आहे. दाबोळीला उतरताना खिडकीतून कधी राखाडी, बोइंग ७३७ च्या तोंडवळ्याचं विमान दिसलं तर ते बहुधा हेच.

दाबोळीवरून आठवलं, लिंक-१६ ज्या पट्ट्यात उड्या मारतं तो पट्टा त्याच्या मालकीचा नाहीच. नागरी विमानं जमिनीवरच्या केंद्रापासूनचं अंतर मोजतात ते याच पट्ट्यात. प्रत्येक प्रवासी विमान आपली ओळख सांगतं ते १,०९० मेगाहर्ट्झवर, आणि त्याला विचारणा होते १,०३० वर. म्हणून त्या ५१ जागा सलग नाहीत: आधी १४, मग खड्डा, मग ५, मग खड्डा, मग ३२. या दोन खड्ड्यांत पाऊल पडू नये म्हणून टर्मिनलमध्येच पहारेकरी असतो. जरा वावगं काही दिसलं की तो प्रक्षेपण बंद पाडतो. शांततेच्या काळात पल्स मोजून वापराव्या लागतात. १२ सेकंदांत ३,९६,२८८ पल्स म्हणजे शंभर टक्के, आणि कुठे किती टक्के परवानगी, हे देशागणिक ठरतं. शंभर टक्के वापरले तर दिवसाला २८५ कोटी पल्स होतात.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेनं लिंक-१६ पहिल्यांदा पृथ्वीजवळच्या कक्षेतल्या उपग्रहांवरून जमिनीशी जोडून दाखवलं. चाचणी मात्र स्वतःच्या देशावर करता आली नाही, कारण या पट्ट्यातल्या प्रक्षेपणाला नागरी उड्डाण खात्याची परवानगी मिळालेली नव्हती. एका मित्रदेशाच्या भूमीवर ती उरकावी लागली.

उपग्रहांपुढे अडचण आणखी एक होती, आणि ती जुन्याच हिशोबातली. प्रत्येक स्लॉटच्या शेवटी थोडी शांतता राखलेली असते, लहर लांबच्या माणसापर्यंत पोचेपर्यंत पुढच्यानं तोंड उघडू नये म्हणून. ती नेहमीच्या मांडणीत ३०० सागरी मैलांसाठी पुरते, ताणलेल्या मांडणीत ५०० साठी, म्हणजे ९२६ किलोमीटर. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या डोळ्यांसमोर क्षितिजापर्यंत दिसणारी विमानं होती. हे उपग्रह फिरतात हजार किलोमीटर उंचीवर. अगदी डोक्यावर असतानासुद्धा त्यांची पल्स खाली यायला ३.३ मिलिसेकंद घेते, आणि तोवर ठरलेली शांतता संपलेली असते. तेव्हा वेळेआधी बोलायला शिकावं लागलं ते उपग्रहांना. स्लॉट अजूनही ७.८१२५ मिलिसेकंदांचाच आहे.